एकदिवसीय सौदे आणि किमान शिलकीची अट

बँकेच्या ग्राहकाला ‘किमान शिलक’ हा शब्द नवा नाही. खात्यात ठरावीक रक्कम राखावी, ती न राखल्यास शुल्क द्यावे लागेल, एवढा त्याचा परिचित अर्थ. शेअर बाजाराच्या जगात मात्र हाच शब्द निराळ्या अर्थाने वावरतो. तेथे प्रश्न शुल्काचा नसून अधिकाराचा असतो. ठरावीक रक्कम खात्यात नसेल तर एका विशिष्ट प्रकारचा व्यवहार करण्याची मुभाच मिळत नाही. अमेरिकेत २००१ साली अशी एक अट घालण्यात आली. शेअर घेऊन त्याच दिवशी विकणाऱ्या सर्वसामान्य गुंतवणूकदाराच्या खात्यात किमान २५,००० डॉलर असले पाहिजेत, अशी ती अट होती. लहान गुंतवणूकदाराच्या हिताचा नियम म्हणून तिचे स्वागत झाले आणि लहान गुंतवणूकदारावरच अन्याय करणारा नियम म्हणून तिच्यावर टीकाही झाली. हा नियम का आला, तो कसा चालत असे, त्याने काय साधले आणि भारताने याच प्रश्नावर कोणता वेगळा मार्ग निवडला, हे समजून घेणे आपल्याकडील गुंतवणूकदारांनाही उपयुक्त ठरेल.

एकदिवसीय सौदा म्हणजे काय?

सकाळी घेतलेला शेअर त्याच दिवशी बाजार बंद होण्यापूर्वी विकणे, किंवा आधी विकून नंतर त्याच दिवशी घेणे, याला ‘डे ट्रेडिंग’ म्हणतात. आपल्याकडे ‘इंट्राडे’ हा शब्द अधिक रूढ आहे. अशा सौद्यात शेअरची मालकी कायम ठेवण्याचा हेतू नसतो. कंपनीचा ताळेबंद, लाभांश, भविष्यातील विस्तार या गोष्टी दुय्यम ठरतात. महत्त्व असते ते काही तासांतील, कधी काही मिनिटांतील भावफरकाला.

हा भावफरक बहुधा अल्प असतो. शंभर रुपयांच्या शेअरमागे एक रुपया मिळाला तरी तो चांगला दिवस मानला जातो. त्यामुळे नजरेत भरेल असा नफा मिळवायचा तर उलाढाल मोठी हवी, आणि मोठ्या उलाढालीसाठी स्वतःजवळचे पैसे पुरत नाहीत. येथे ब्रोकरच्या उसनवारीचा प्रवेश होतो. ग्राहकाने काही हिस्सा स्वतःचा ठेवावा आणि उरलेली रक्कम ब्रोकरने पुरवावी, या व्यवस्थेतील ग्राहकाच्या हिश्शाला ‘मार्जिन’ म्हणतात. किमान शिलकीच्या नियमाचे सारे मर्म या एका शब्दात आहे. हा नियम मुळात शेअरविषयी नसून उधारीविषयी आहे.

अमेरिकेत गुंतवणूकदाराला दोन प्रकारची खाती उघडता येतात. रोख खात्यात जेवढे पैसे, तेवढीच खरेदी. मार्जिन खात्यात ब्रोकरकडून कर्ज मिळते. तेथील मध्यवर्ती बँकेच्या, म्हणजे फेडरल रिझर्व्हच्या, ‘रेग्युलेशन टी’ या नियमानुसार १९७४ पासून शेअरच्या खरेदीमूल्याच्या निम्मी रक्कम ग्राहकाने स्वतः द्यावी लागते. खरेदीनंतरही शेअरच्या चालू मूल्याच्या किमान २५ टक्के हिस्सा ग्राहकाच्या मालकीचा राहिला पाहिजे, असे बाजारसंस्थांचे नियम सांगतात. साधे मार्जिन खाते चालवण्यासाठी किमान २,००० डॉलरची अट पूर्वीपासून होतीच. एकदिवसीय सौदे करणाऱ्यांसाठी तीच अट २००१ मध्ये एकदम साडेबारा पटींनी वाढली.

नियमाची पार्श्वभूमी

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत इंटरनेटशी संबंधित कंपन्यांच्या शेअरना विलक्षण तेजी आली. घरबसल्या संगणकावरून सौदे करण्याची सोय झाली आणि दलालीचे दर उतरले. एकदिवसीय सौद्यांसाठी खास कार्यालयेही निघाली. तेथे भाड्याने जागा व संगणक मिळे, थोडेबहुत प्रशिक्षण मिळे आणि दिवसभर सौदे करता येत. नोकरी सोडून या व्यवसायात उतरणाऱ्यांच्या कहाण्या वृत्तपत्रांतून झळकू लागल्या.

चित्राची दुसरी बाजू लवकरच पुढे आली. उत्तर अमेरिकेतील राज्यस्तरीय रोखे नियामकांच्या संघटनेने ऑगस्ट १९९९ मध्ये या व्यवसायावर एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यासाठी तपासलेल्या २६ खात्यांपैकी अल्पकालीन सौद्यांतून नफा कमावण्याची क्षमता केवळ तीन खात्यांत आढळली. अमेरिकी सिनेटच्या उपसमितीनेही या प्रकाराची चौकशी केली. त्यानंतर मार्च २००० मध्ये ५,००० च्या वर गेलेला नॅस्डॅक निर्देशांक ऑक्टोबर २००२ पर्यंत सुमारे १,१०० पर्यंत कोसळला आणि तेजीच्या काळात उसन्या पैशांवर उभे राहिलेले अनेक डोलारे जमीनदोस्त झाले.

नियामकांना मार्जिनच्या जुन्या पद्धतीत एक मोठी उणीव दिसत होती. मार्जिनचा हिशेब प्रामुख्याने दिवसअखेर खात्यात शिल्लक राहिलेल्या शेअरवर होत असे. दिवसभर लाखो डॉलरची उलाढाल करून संध्याकाळी खाते रिकामे करणाऱ्या ग्राहकाने प्रत्यक्षात किती जोखीम उचलली होती, हे त्या हिशेबात पुरेसे उमटत नसे. शिवाय एका ग्राहकाच्या खात्याला दुसऱ्याच्या खात्याची हमी देण्याची प्रथा पडली होती. त्यामुळे ज्याच्याजवळ खरोखर ऐपत नाही, तोही मोठे सौदे करू शके. दुपारी भाव फिरला आणि ग्राहकाजवळ पैसे नसले तर तोटा ब्रोकरच्या अंगावर येई. एकाच दिवशी अनेक ग्राहकांच्या बाबतीत असे घडले तर ब्रोकरच अडचणीत येण्याचा धोका होता.

या पार्श्वभूमीवर न्यूयॉर्क शेअर बाजार आणि रोखे व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना, म्हणजे एनएएसडी, यांनी मांडलेल्या नव्या तरतुदींना अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाने, म्हणजे एसईसीने, फेब्रुवारी २००१ मध्ये मान्यता दिली. त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्या लागू झाल्या. पुढे २००७ मध्ये एनएएसडी आणि न्यूयॉर्क शेअर बाजाराचा नियमन विभाग यांच्या एकत्रीकरणातून ‘फिनरा’ ही संस्था स्थापन झाली आणि हा नियम तिच्या नियमावलीत समाविष्ट झाला.

नियमाचे स्वरूप

पाच कामकाजाच्या दिवसांत चार किंवा अधिक एकदिवसीय सौदे करणारा ग्राहक ‘नेहमीचा एकदिवसीय सौदेकार’ ठरावा, अशी २००१ च्या नियमाची व्याख्या होती. या सौद्यांचे प्रमाण त्या काळातील मार्जिन खात्यातील एकूण सौद्यांच्या सहा टक्क्यांहून अधिक असावे, अशी जोडअट होती. मात्र मोजकेच सौदे करणाऱ्या लहान ग्राहकाला सहा टक्क्यांच्या या सवलतीचा लाभ क्वचितच होई. ज्याचे आठवड्यातील एकूण सौदेच सात-आठ, त्याचे चार सौदे सहा टक्क्यांच्या कितीतरी पुढे जात.

सौदे मोजण्याची रीतही समजून घेण्याजोगी होती. सकाळी एकाच कंपनीचे शेअर लागोपाठ दोन खेपांत घेतले आणि दुपारी सर्व एकदम विकले, तर तो एकच एकदिवसीय सौदा मानला जाई. सकाळी घेतले, विकले, पुन्हा घेतले आणि पुन्हा विकले, तर ते दोन सौदे होत. आदल्या दिवशी घेतलेले शेअर आज विकून नंतर आजच पुन्हा घेतले आणि हाती ठेवले, तर तो एकदिवसीय सौदा ठरत नसे.

एकदा हा शिक्का बसला की पुढील अटी लागू होत. खात्यात किमान २५,००० डॉलर असल्याखेरीज एकदिवसीय सौदा करता येत नसे. ही रक्कम रोख आणि पात्र रोखे मिळून चाले, पण ती सौद्याच्या आधी खात्यात असावी लागे. ती दुसऱ्याच्या खात्याच्या हमीवर दाखवता येत नसे. त्या-त्या खात्यातच ती असणे बंधनकारक होते. अट पूर्ण करण्यासाठी भरलेले पैसे दोन कामकाजाचे दिवस काढता येत नसत, म्हणजे सकाळी उसने आणून संध्याकाळी परत करण्याचा मार्गही बंद झाला. पुढचे काही दिवस ग्राहकाने एकही एकदिवसीय सौदा केला नाही, तरी ब्रोकर त्याला त्याच वर्गात ठेवू शके.

या अटीच्या मोबदल्यात एक सवलतही मिळत असे. सामान्य मार्जिन खात्यात स्वतःच्या रकमेच्या दुप्पट खरेदी करता येते. या वर्गातील ग्राहकाला मात्र आदल्या दिवसअखेर खात्यात असलेल्या जादा मार्जिनच्या चौपट रकमेपर्यंत एकदिवसीय सौदे करता येत. त्या मर्यादेबाहेर गेल्यास ब्रोकर वाढीव मार्जिनची मागणी करी. ती पूर्ण करण्यासाठी पाच कामकाजाचे दिवस मिळत आणि तोवर चौपटीची मर्यादा दुपटीवर येई. मुदतीत पैसे न भरल्यास ९० दिवस, किंवा मागणी पूर्ण होईपर्यंत, केवळ रोख रकमेइतकेच सौदे करण्याची परवानगी राही.

आकड्यांतून दिसणारे सत्य

एका उदाहरणाने या तरतुदींचा अर्थ स्पष्ट होईल. समजा, या नियमाखालील एखाद्या ग्राहकाच्या खात्यात ३०,००० डॉलर रोख आहेत. चौपटीच्या सवलतीने तो १,२०,००० डॉलरचे शेअर सकाळी घेऊ शकतो. दुपारपर्यंत भाव पाच टक्क्यांनी उतरला आणि त्याने शेअर विकले, तर तोटा होतो ६,००० डॉलरचा. भाव उतरला पाच टक्के, पण त्याच्या स्वतःच्या भांडवलाचा वीस टक्के भाग गेला. खात्यात उरले २४,००० डॉलर. ही रक्कम २५,००० हून कमी असल्याने दुसऱ्या दिवशी तो एकदिवसीय सौदा करू शकत नाही. आणखी किमान १,००० डॉलर आणून भरणे किंवा थांबणे, एवढेच पर्याय त्याच्यापुढे उरतात.

याच ग्राहकाने उसनवारी न करता केवळ स्वतःच्या ३०,००० डॉलरची खरेदी केली असती, तर तोटा १,५०० डॉलरचा झाला असता आणि खात्यात २८,५०० डॉलर राहिले असते.

या उदाहरणातून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की २५,००० डॉलर ही सुरक्षित रक्कम नव्हे. ती केवळ उंबरठ्याची उंची आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ही अट ग्राहकाचा तोटा थांबवत नाही, तर तोटा झाल्यास तो भरून देण्याची ऐपत त्याच्याजवळ असावी, एवढेच पाहते. नियमाने प्रथम संरक्षण दिले ते कर्ज देणाऱ्या ब्रोकरला आणि पर्यायाने बाजारव्यवस्थेला. ग्राहकाचे संरक्षण झाले असेल तर ते ओघाने. अल्प बचत असलेला मनुष्य या खेळाबाहेर राहिला, म्हणून त्याची बचत वाचली. पण जो आत आला, त्याच्या हाती नियमाने चौपट उधारीही दिली.

लहान गुंतवणूकदाराची कोंडी

उंबरठ्याबाहेर राहिलेल्यांची अडचण वेगळीच होती. समजा, खात्यात ८,००० डॉलर असलेल्या एका गुंतवणूकदाराने सोमवार, मंगळवार आणि बुधवार या दिवशी प्रत्येकी एक एकदिवसीय सौदा केला. गुरुवारी सकाळी त्याने काही शेअर घेतले, पुढे ठेवण्याच्या उद्देशाने. दुपारी त्या कंपनीविषयी प्रतिकूल बातमी येऊन भाव घसरू लागला. शहाणपण सांगते की शेअर विकून तोटा आवरावा. पण विक्री केली तर तो पाच दिवसांतील चौथा एकदिवसीय सौदा ठरतो, शिक्का बसतो आणि २५,००० डॉलर भरेपर्यंत खात्यावर निर्बंध येतात. विक्री न केल्यास घसरता शेअर रात्रभर हाती ठेवावा लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार आणखी खाली उघडला तर तोटा वाढतो. जोखीम कमी करण्यासाठी केलेला नियम येथे जोखीम वाढवण्यास कारण होतो, हा टीकाकारांचा मुख्य आक्षेप होता आणि तो निराधार नव्हता.

रोख खात्याचा मार्ग मात्र मोकळा होता, कारण या नियमाचा रोख मार्जिन खात्यावर होता. पण तेथेही एक मर्यादा आहे. विक्रीचे पैसे व्यवहारपूर्ती झाल्यानंतरच खऱ्या अर्थाने आपले होतात. २००१ मध्ये अमेरिकेत व्यवहारपूर्तीला तीन कामकाजाचे दिवस लागत. सप्टेंबर २०१७ पासून दोन दिवस झाले आणि २८ मे २०२४ पासून एक दिवस. पैसे न भरताच शेअर घेऊन, ते विकून आलेल्या रकमेतून खरेदीचे पैसे चुकते करणे रोख खात्यात निषिद्ध आहे आणि तसे केल्यास खाते ९० दिवस गोठवले जाते. अर्थात, रोख खात्यात मनुष्य आपल्याजवळ असलेल्यापेक्षा अधिक रक्कम गमावू शकत नाही. अंथरूण पाहून पाय पसरण्याची सक्ती तेथे आपोआप होते.

काळाच्या ओघात आणखी एक विसंगती पुढे आली. २५,००० डॉलरचा आकडा महागाईनुसार बदलण्याची तरतूद नियमात नव्हती. २००१ मधील २५,००० डॉलरची क्रयशक्ती आज साधारण ४५,००० डॉलरच्या घरात जाते. म्हणजे उंबरठा कागदावर स्थिर असूनही प्रत्यक्षात दरवर्षी थोडा-थोडा खाली जात राहिला. त्याच वेळी, ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेतील मोठ्या ब्रोकरांनी शेअरच्या ऑनलाइन सौद्यांवरील दलाली शून्यावर आणली. पूर्वी प्रत्येक सौद्याला पडणारा खर्च हा आपोआप लागणारा लगाम होता. तो सुटला आणि महासाथीच्या काळात मोबाइलवरून सौदे करणाऱ्या नव्या पिढीची बाजारात गर्दी झाली.

या बदलत्या परिस्थितीत फिनराने ऑक्टोबर २०२४ मध्ये एकदिवसीय सौद्यांच्या नियमांवर लोकांची मते मागवली. सप्टेंबर २०२५ मध्ये तिच्या संचालक मंडळाने या नियमांऐवजी दिवसातील प्रत्यक्ष जोखमीवर आधारलेली मार्जिनपद्धती आणण्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली. असा बदल अमलात येण्यासाठी एसईसीची संमती आवश्यक असते, आणि नियम बदलला तरी ब्रोकरला स्वतःची अधिक कडक अट ठेवण्याचा अधिकार असतो. म्हणून अमेरिकेत खाते असलेल्याने त्या दिवशी आपल्या खात्याला नेमकी कोणती अट लागू आहे, हे ब्रोकरकडून लेखी विचारून घेणे इष्ट ठरते.

भारताची वाट

योगायोग असा की उसन्या पैशांवरील सौद्यांना लगाम घालण्याचे मोठे पाऊल भारतानेही २००१ मध्येच उचलले. मुंबईच्या दलाल स्ट्रीटवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ‘बदला’ पद्धती, म्हणजे व्याज मोजून सौदा पुढील फेरीपर्यंत लांबवण्याची सोय, सेबीने जुलै २००१ पासून बंद केली.

एकदिवसीय सौद्यांच्या बाबतीत मात्र भारताने अमेरिकेसारखी किमान शिलकीची अट घातली नाही. येथे काही हजार रुपये असणाराही इंट्राडे सौदा करू शकतो. नियंत्रण ठेवले ते प्रत्येक सौद्यामागील मार्जिनवर. एकेकाळी काही ब्रोकर ग्राहकाच्या रकमेच्या दहा, वीस किंवा त्याहूनही अधिक पटींनी इंट्राडे सौदे करू देत. मार्जिनचा हिशेब दिवसअखेर होत असल्याने दिवसभरातील ही फुगवटी नजरेआड राही. अमेरिकेत १९९० च्या दशकात दिसलेली उणीव ती हीच.

सेबीने जुलै २०२० मध्ये परिपत्रक काढून यावर उपाय केला. क्लिअरिंग कॉर्पोरेशनने दिवसभरात किमान चार वेळा, पूर्वसूचनेशिवाय, प्रत्येक ग्राहकाच्या सौद्यांची नोंद टिपावी आणि त्यांतील सर्वांत मोठ्या जोखमीएवढे मार्जिन ग्राहकाने आधी दिलेले असावे, असे ठरले. याला ‘पीक मार्जिन’ म्हणतात. १ डिसेंबर २०२० पासून आवश्यक मार्जिनच्या २५ टक्के, १ मार्च २०२१ पासून ५० टक्के, १ जूनपासून ७५ टक्के आणि १ सप्टेंबर २०२१ पासून १०० टक्के, अशा टप्प्यांनी ही पद्धत अमलात आली. परिणामी रोख विभागात ग्राहकाला स्वतःच्या रकमेच्या साधारण पाचपटीपर्यंतच इंट्राडे सौदा करता येऊ लागला.

दोन्ही देशांतील दृष्टिकोनांचा भेद असा सांगता येईल. अमेरिकेच्या २००१ च्या नियमाने विचारले, ‘तुझ्या खात्यात किती आहे?’ भारताच्या नियमाने विचारले, ‘या सौद्यामागे किती आहे?’ दुसरा प्रश्न लहान गुंतवणूकदाराला अधिक न्याय्य वाटतो, कारण तो कोणालाही दाराबाहेर ठेवत नाही. अमेरिकेतील २०२५ च्या प्रस्तावाचा कलही याच प्रश्नाकडे होता. पण दार सर्वांना उघडे असले की आत जाणाऱ्याची जबाबदारी वाढते.

ही जबाबदारी किती जड आहे, हे सेबीने जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून दिसते. २०२२-२३ या वर्षात रोख विभागात इंट्राडे सौदे करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात जणांना निव्वळ तोटा झाला. वर्षात ५०० हून अधिक सौदे करणाऱ्यांत तोट्यात गेलेल्यांचे प्रमाण ८० टक्के होते. म्हणजे सरावाने प्रावीण्य येते, ही समजूत येथे लागू पडली नाही. तोटा झालेल्यांनी सौद्यांतील तोट्याच्या ५७ टक्क्यांएवढी आणखी रक्कम दलाली, कर आदी खर्चापोटी मोजली. तीस वर्षांखालील सौदेकारांचा हिस्सा २०१८-१९ मध्ये १८ टक्के होता, तो २०२२-२३ मध्ये ४८ टक्क्यांवर पोहोचला. हे आकडे केवळ बाजाराचे नाहीत. नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलामुलींच्या पहिल्या बचतीचे ते आकडे आहेत.

बँकेच्या ग्राहकांनी काय ध्यानात ठेवावे?

परदेशातील शेअरमध्ये गुंतवणूक करण्याची सोय आता अनेकांना उपलब्ध आहे. रिझर्व्ह बँकेच्या ‘एलआरएस’ या योजनेनुसार निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. मात्र परदेशी शेअर बाजारांना किंवा तेथील प्रतिपक्षांना मार्जिनपोटी, अथवा मार्जिनची वाढीव मागणी पूर्ण करण्यासाठी, या योजनेखाली पैसे पाठवण्यास मनाई आहे. त्यामुळे २५,००० डॉलर पाठवून अमेरिकेत मार्जिनवर एकदिवसीय सौदे करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो नियमबाह्य व्यवहाराचा सल्ला आहे, हे ओळखावे. उलट बाजूने, परदेशात स्थायिक झालेल्या अनिवासी भारतीयांना भारतीय बाजारात इंट्राडे सौदे करता येत नाहीत. त्यांनी घेतलेले शेअर प्रत्यक्ष खात्यात जमा व्हावे लागतात.

देशातील इंट्राडे सौद्यांचा नफा करआकारणीत सट्टा व्यवसायाचे उत्पन्न समजला जातो. त्यातील तोटा पगार, व्याज किंवा शेअरवरील भांडवली नफा यांतून वजा करता येत नाही. तो केवळ सट्टा व्यवसायाच्या नफ्यातूनच, आणि पुढील चार वर्षांच्या आतच, वजा करता येतो. वर्षअखेर विवरणपत्र भरताना अनेकांना ही गोष्ट प्रथमच कळते.

याखेरीज काही साध्या दक्षता घेता येतात. ब्रोकरशी केलेल्या करारातील मार्जिनसंबंधीची कलमे स्वाक्षरीपूर्वी वाचावीत आणि रक्कम कमी पडल्यास ब्रोकर कोणत्या वेळी व कोणत्या भावाने सौदा मिटवील, हे विचारून घ्यावे. सौद्यांसाठी ठेवायची रक्कम घरखर्च, मुलांचे शिक्षण, वैद्यकीय निकड यांसाठीच्या बचतीपासून वेगळ्या खात्यात ठेवावी. वैयक्तिक कर्ज किंवा क्रेडिट कार्डावरील रक्कम मार्जिन म्हणून कधीही वापरू नये, कारण तसे करणे म्हणजे उधारीवर आणखी उधारी चढवणे होय. महिन्याअखेर दलाली, कर आणि इतर आकार वजा करून निव्वळ हिशेब मांडावा, आणि तो पाहताना एखाद्या चांगल्या दिवसाची आठवण बाजूला ठेवावी.

सरकारी उंबरठा २५,००० डॉलरचा असो वा एका रुपयाचाही नसो, तो ब्रोकरच्या पैशांची काळजी वाहतो. कुटुंबाच्या पैशांची काळजी वाहणारा उंबरठा कुटुंबालाच बांधावा लागतो. ‘एवढी रक्कम गेली तर सौदे थांबवायचे’ असा आकडा पहिला सौदा करण्यापूर्वी ठरवून, तो घरातील दुसऱ्या एका जबाबदार व्यक्तीला सांगून ठेवणे, हीच लहान गुंतवणूकदाराने स्वतःवर घालून घेण्याजोगी किमान शिलकीची खरी अट आहे.